चढ मोजा, किलोमीटर मागाहून
वाचकांचे प्रश्न : सायकल

फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या मॉर्वांच्या जंगलवाटांवर सायकल चालवायची ठरवून बसलेल्या वाचकांचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मुलगी पॅरिसला असते. जूनमध्ये तिच्याकडे जाऊ तेव्हा मी आणि ही, चार दिवस मॉर्वांत सायकल चालवू म्हणतो. दर रविवारी महूपर्यंत जाऊन येतो, पन्नासेक किलोमीटर आरामात होतात. तिकडे रोज ८० धरावेत का? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

८० नको, ४५ धरा. मॉर्वां म्हणजे ग्रॅनाइटचा उंचवटा. सगळ्यांत उंच टोक ओ-फोलें, ९०१ मीटर. इंदूरच साडेपाचशे मीटरवर वसलेलं, त्यामुळे हा आकडा ऐकून आपल्याकडे कोणी घाबरत नाही. फसगत तिथेच होते. मॉर्वांत एक मोठा घाट चढला की काम संपलं असं नसतं. ओढ्यापर्यंत उतरायचं, पलीकडे ऐंशी-शंभर मीटर चढायचं, माथ्यावर दोन कुरणं लागतात न लागतात तोच पुन्हा उतार. दिवसातून दहा वेळा हेच. उताराचा वेग चढाला कामी येईल म्हणावं, तर ओढ्यावर नेमकं वळण असतं आणि वळणावर सुटी गिट्टी. ब्रेक मारावाच लागतो, पुढचा चढ शून्यापासून.

हिशेब असा करा : सपाट कच्च्या वाटेला ताशी १६ किलोमीटर, आणि दर १०० मीटर चढाला वरून १२ मिनिटं. ४५ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ म्हणजे साडेचार तासांहून थोडं जास्त नुसतं पेडल मारणं. थांबे, फाटकं, नकाशा धरून सात तास. ८० किलोमीटरला चढ १६०० मीटरपर्यंत जातो आणि पेडलच सव्वाआठ तास होतं. पहिल्या दिवशी जमेलही. तिसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात.

पॅरिसच्या बेर्सी स्टेशनातून आव्हालोंला गाडी जाते, तिथून सुरुवात करा. पहिला दिवस : कारे-ले-तोंब, सें-ब्रिसों, मग सेतों तलाव, वाटा धरून ५० किलोमीटरच्या आसपास. चार दिवसांत हाच लांब, म्हणून सकाळी लवकर निघा. कारे-ले-तोंबच्या चर्चभोवती दगडी शवपेट्यांची रांग आहे, गावाचं नावच त्यावरून पडलं. तिथे डबा उघडायला हरकत नाही. दुसरा दिवस पायांना सुट्टी : तलावाभोवतीची वाट सुमारे १४ किलोमीटरची. सेतोंचं धरण १८६१ मध्ये पुरं झालं ते शेतीसाठी नव्हे; मॉर्वांचं जळाऊ लाकूड नदीतून पॅरिसला वाहून न्यायला पाण्याचा लोंढा हवा होता, त्यासाठी. तिसऱ्या दिवशी लोर्म, तीसेक किलोमीटर. चौथ्या दिवशी वेझले करून परत आव्हालों. वेझलेचं मठ-चर्च टेकडीच्या माथ्यावर आहे, शेवटचा चढ गावातल्या गल्लीतून आणि खडा. उतरून सायकल ढकलली तर कोणी हसत नाही.

सरावासाठी महूचा सपाट रस्ता उपयोगाचा नाही. जाम गेटच्या अलीकडचे चढउतार निवडा, आणि एकच चढ चार-पाच वेळा करा, मधे न बसता.

माझ्याकडे ३५ मिमी टायरची हायब्रिड आहे, पुढे ४८-३८-२८ दात, मागे १४ ते २८. नवी ग्रॅव्हल (कच्च्या वाटांसाठीची) सायकल घ्यावीच लागेल का? (एक वाचिका, दांडिया बाजार, बडोदा)

घ्यावी लागणार नाही. तुमचं सगळ्यांत हलकं गिअर २८ ला २८, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचीही एकच फेरी, साधारण २.२ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ८ किलोमीटर. रिकाम्या सायकलवर १० टक्क्यांचा चढ यावर निघतो. मागे आठ-दहा किलोचं सामान असेल तर मेकॅनिककडून ११-३२ किंवा ११-३४ ची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवून घ्या. मात्र मागचा डिरेल्यर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तेवढी मोठी चकती पेलतो का हे आधी विचारा, नाहीतर चेन ओढली जाऊन डिरेल्यरच वाकतो.

टायर मात्र बदला. फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी मोकळं राहील एवढा रुंद बसवा. ४० बसला तर उत्तम. ७० किलोच्या माणसाला ४० मिमी ट्यूबलेसमध्ये मागे ३५, पुढे ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. ट्यूब असेल तर पाचेक पीएसआय वर ठेवा. हवा कमी असेल तर दगडावर रिम ‘टक्’ वाजते आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. आपल्याकडची सवय उलटी, ६० पीएसआय ठोकून भरायची. गिट्टीवर असं चाक चेंडूसारखं उडतं, धरत नाही.

ट्यूबलेस करणार असाल तर दर चाकात ६० मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव) घाला. बडोद्याच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक काढून कानाशी हलवा. आत पाणी खळखळल्यासारखं ऐकू आलं नाही, तर ४० मिली आणखी घाला. बाभळीच्या काट्याचं भोक सीलंट बुजवतं, दगडाने चिरलेली बाजू बुजवत नाही. त्यासाठी एक ट्यूब आणि आतून लावायला जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा सोबत असू द्या.

मॉर्वांची जमीन ग्रॅनाइटच्या भुग्याची, आपल्या मुरमासारखी. पाऊस झाला तरी पाणी लवकर निचरतं. आपल्या काळ्या मातीसारखी ती चाकाला लोळा होऊन चिकटत नाही. अपवाद लाकूडतोडीच्या जागा. डग्लस फरची लागवड तिथे फार, आणि ओंडके ओढणारी यंत्रं गुडघाभर खोल चाकोऱ्या पाडून ठेवतात. चाकोरीत उतरू नका, दोन चाकोऱ्यांमधल्या वरंब्यावर राहा; चढायला जागा नसेल तर सरळ उतरून चाला.

जंगलातल्या वाटा खासगी निघाल्या तर? कोणी हटकलं तर काय सांगायचं? (एक वाचक, तिलकनगर, इंदूर)

पाट्या वाचता आल्या की सांगण्याची वेळ येत नाही. लाल कडेचं गोल पांढरं, आत काहीच नाही : सगळ्या वाहनांना बंदी, सायकलही आली. त्याच गोलात मोटार आणि मोटारसायकल काढलेली असेल तर सायकलला मोकळीक. ‘शमें प्रिव्हे’ म्हणजे खासगी वाट, मागे फिरा. पांढरा-लाल पट्टा लांब पल्ल्याच्या पायवाटेचा, पिवळा गावाभोवतीच्या छोट्या फेरीचा; दोन्ही चालणाऱ्यांसाठी आखलेल्या, मधेच पायऱ्या निघू शकतात. नकाशा आयजीएनचा (फ्रान्सची सरकारी नकाशा संस्था) १:२५,००० घ्या, फोनवरही मिळतो. पण दरीत रेंज जाते, म्हणून आधी उतरवून ठेवा.

जूनमध्ये शिकारीची फारशी काळजी नाही. सप्टेंबर ते फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी मात्र ‘शास आं कूर’ (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली की दुसरी वाट धरावी. बंदुका खऱ्या असतात. गावात शिरताना आणखी एक : चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. आपल्या पलासियाच्या चौकात वाढलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला दोन दिवस लागतात.

शाकाहारी आहे. वाटेत पाणी आणि खायला काय मिळेल? शिवाय सायकल विमानातून नेताना काय सांभाळायचं? (एक वाचक, विजयनगर, इंदूर)

इंदूरची छप्पन दुकानची खाऊगल्ली डोक्यातून काढा. खेड्यातलं दुकान दुपारी बारा-साडेबाराला बंद होतं ते दोन-तीनला उघडतं. रविवारी दुपारनंतर नाही, सोमवारी बऱ्याच ठिकाणी दिवसभर नाही. शनिवारी संध्याकाळी दोन दिवसांची ब्रेड, फळं, सुका मेवा घेऊन ठेवा. चीजमध्ये बहुधा वासराच्या पोटातलं विरजण असतं. वेष्टनावर ‘प्रेझ्यूर’ (म्हणजे हेच विरजण) लिहिलंय का ते वाचा. भाजलेले पोहे आणि मेतकूट घरून नेलंत तर गरम पाण्यावर भागतं.

पाणी दफनभूमीत मिळतं. फाटकाशी नळ असतो, शेजारी फुलांना घालायच्या झाऱ्या टांगलेल्या. आपल्यातल्या काहींना ते नको वाटेल, पण पाणी बहुधा गावच्या नळाचंच असतं. ‘नों पोताब्ल’ (पिण्याजोगं नाही) लिहिलं असेल तर मात्र बाटली भरू नका.

विमानासाठी दुकानातून नव्या सायकलचं रिकामं खोकं मागा. डावं पेडल उलट्या आटीचं, हे विसरून जोर लावणारे आटी खातात. मागचा डिरेल्यर हँगरवरून (तो फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीवरून) सोडवून, कापडात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. हँगर मऊ धातूचा असतो, खोकं आडवं टाकलं की पहिला तोच वाकतो. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, मॉर्वांतल्या दुकानात तुमचा मिळणार नाही. एक जादा इथूनच न्या. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी घाला. तसं न करता लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक बसत नाही. सीटच्या दांड्यावर टेपने उंचीची खूण करा, आणि खोकं घरच्या काट्यावर तोला : तिकिटावर २३ किलो असतील तर टूलकिट दुसऱ्या बॅगेत.