आईची एचबीए१सी ६.४ आहे, तरीही गोळ्या बदलायच्या का?

प्रश्न असा आहे: आई ७२ वर्षांची, शुगर बऱ्याच वर्षांपासून. ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन १००० ची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) छान, ६.४. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.४. शेजारच्या काकूंना त्यांच्या डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन ही नवी गोळी दिलीय, आमचे डॉक्टर मात्र जुनीच गोळी लिहितात. डॉक्टर बदलावा का?

उत्तर:

डॉक्टरांचं नंतर बघू. आधी त्या ‘छान’ ६.४ बद्दल बोलू, कारण तुमच्या प्रश्नात मला तोच आकडा खटकला.

मी तालुक्याच्या गावात फॅमिली डॉक्टर आहे. नुकती शुगर निघालेला पस्तिशीतला माणूस ६.४ घेऊन आला तर मला आनंदच होतो. पण बहात्तर वर्षांच्या बाईंना दिवसाला चार मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड चालू असताना हा आकडा आला, तर मी आधी विचारतो: जेवायला उशीर झाला की घाम सुटतो का? हात थरथरतात? पहाटे उशी ओली असते का? मधेच असंबद्ध बोलतात का? घरचे म्हणतात, वय झालं आता. पुष्कळदा ते वय नसतं, साखर उतरलेली असते. त्यात बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर धडधड आणि थरथर जाणवतही नाही, नुसता घाम येतो.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात अन्न आहे की नाही, हे ते बघत नाही. सकाळी गोळी घेतली आणि संकष्टी म्हणून चंद्रोदयापर्यंत चहावर राहिल्या, तर दुपारी काय होईल ते सांगायला नको. शिवाय किडनी मंद असेल तर औषधाचा असर लांबतो. साखर-पाणी दिलं, आई उठून बसली, म्हणजे निभावलं असं नाही. काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते. अशा पेशंटला मी लगेच घरी सोडत नाही.

आकडा जितका खाली तितकं चांगलं, ही समजूत आम्हा डॉक्टरांचीही होती. अमेरिका-कॅनडातल्या ‘अकॉर्ड’ चाचणीत दहा हजारांहून जास्त पेशंट होते. त्यातल्या निम्म्यांची एचबीए१सी सहाच्या खाली न्यायचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले, म्हणून २००८ मध्ये ती कडक ट्रीटमेंट मुदतीआधी थांबवली. तुमच्या आईंच्या वयाला, किडनीची तक्रार असताना, मी साडेसात ते आठच्या दरम्यान समाधानी असतो.

आता क्रिएटिनिन. १.४ म्हणजे ‘थोडंसं जास्त’ असं रिपोर्ट बघून वाटतं. पण तोच आकडा तीस वर्षांच्या पुरुषाचा असेल तर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा वेग, सत्तरच्या आसपास निघतो. ७२ वर्षांच्या बाईंचा निघतो जेमतेम ४०. म्हणून क्रिएटिनिन एकटं वाचू नये. ईजीएफआर ४५ च्या खाली गेलं की मेटफॉर्मिन निम्म्यावर आणतात, दिवसाला १००० पर्यंत. ३० च्या खाली बंद. आईंना २००० चालू आहेत. उलट्या-जुलाब लागले तर ती गोळी तेवढे दिवस थांबवायची, हे कुणी सांगितलंय का? आणि इतकी वर्षं मेटफॉर्मिन घेतल्यावर बी-१२ तपासायला हवं. तळपायाला मुंग्या आल्या की सगळे शुगरला दोष देतात, कधी कधी कारण बी-१२ ची कमतरता असते.

मी असतो तर आधी ईजीएफआर पुन्हा बघितलं असतं, सोबत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून प्रोटीन जातंय का ते त्यावरून कळतं), हिमोग्लोबिन आणि बी-१२. रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल तर एचबीए१सीवर विसंबता येत नाही, मग ग्लुकोमीटरवर दुपारची आणि पहाटेची साखर बघावी लागते. ग्लिमेपिराइड आधी कमी केलं असतं, जमल्यास बंद, आणि मेटफॉर्मिन निम्मं. एकत्र गोळीत हीच पंचाईत असते: एक औषध कमी करायचं तर सगळी गोळीच बदलावी लागते, म्हणून कुणी हात लावत नाही. पण हे तुम्ही घरी करू नका, गोळ्या मोडून तर अजिबात नको. एसआर लिहिलेली गोळी चुरली की हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.

नंतर साखर वर गेलीच तर लिनाग्लिप्टिनसारखी गोळी आहे, तिला किडनीप्रमाणे डोस बदलावा लागत नाही. तिची आणि ग्लिमेपिराइडची समोरासमोर तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयविकाराच्या बाबतीत दोन्ही सारख्या ठरल्या. पण साखर उतरण्याचा प्रसंग ग्लिमेपिराइडवाल्यांपैकी सुमारे ३८ टक्के जणांवर आला, लिनाग्लिप्टिनवाल्यांत ११ टक्क्यांच्या आसपास.

काकूंचं एम्पाग्लिफ्लोझिन वाईट नाही. ईजीएफआर ४० ला ते साखर फारशी उतरवत नाही, पण किडनी आणि हृदय सांभाळतं. लघवीतून अल्ब्युमिन जात असेल किंवा हार्ट फेल्युअर असेल तर मी आईंसाठी त्याचा नक्की विचार करीन. पैशाची अडचणही आता कमी झालीय: त्याच गटातल्या डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, आणि स्वस्त जेनेरिक निघाली. मात्र लघवीच्या जागी खाज, बुरशी होऊ शकते, आणि आपल्याकडच्या बायका ते महिनोन्महिने कुणाला सांगत नाहीत. निर्जळी उपवास, उलट्या, ठरलेलं ऑपरेशन, या वेळी ही गोळी बंद ठेवायची असते. ऑपरेशनच्या आधी तीन दिवस. काकूंना मानवली म्हणून आईंना मानवेल, असं नसतं.

जुन्या गोळीला मात्र नावं ठेवू नका. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. किडनी ठणठणीत आणि जेवण वेळेवर असलेल्या शेतमजुराला मी आजही तीच लिहितो. तुमच्याकडची अडचण वेगळी असावी: गोळी सुरू झाली तेव्हा बरोबर होती, पुढे आईंचं वय वाढलं, किडनी मंदावली, जेवण कमी झालं, आणि चिठ्ठीवर ‘कंटिन्यू’ येत राहिलं. कित्येक जण तर जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर गोळ्या नेतात, डॉक्टरांपर्यंत पोचतच नाहीत. तुमचं तसं होत असेल तर दोष डॉक्टरांचा कसा म्हणू?

म्हणून डॉक्टर बदलायची घाई नको. रिपोर्ट घेऊन जा आणि सरळ विचारा, ‘आईची किडनी बघता यातलं काय कमी करता येईल?’ या प्रश्नावर चिडले, तर मग बदला. वर म्हटल्यासारखं घाम सुटणं किंवा असंबद्ध बोलणं असं काही होत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच फोन करा. आणि जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. मेडिकलवाले पाच गोळ्या कापून देतात तेव्हा नाव आणि मिलिग्रॅम दुसऱ्या तुकड्यावर राहतं. अशा पिशवीत मला एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने सापडलंय, आणि घरातले रोज दोन्ही देत होते.