गव्हाण, गोठा की पाळणा?

प्रश्न ठाण्याहून आला आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीत नाताळचा देखावा मांडायचा आहे आणि त्यापुढे मराठी पाटी लावायची आहे. 'गव्हाणी' लिहावं, 'गोठा' की 'पाळणा'? आणि गव्हाणीचा गव्हाशी काही संबंध आहे का?

गव्हाशी संबंध नाही. संस्कृत 'गवादनी' म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा. गो अधिक अदन, म्हणजे खाणं. त्यावरून मराठीत 'गव्हाण' आलं, गुजरातीत 'गमाण'. मूळ नाम गव्हाण, स्त्रीलिंगी. विहीर–विहिरीत, तसं गव्हाण–गव्हाणीत. मराठी बायबलात बाळाला 'गव्हाणीत' ठेवलं असं वाचून-ऐकून 'गव्हाणी' हेच एकवचन समजलं जातं. आता ते रूढ आहे, त्याला चूक म्हणून कुणाला अडवू नये, पण पाटीवर 'गव्हाण' लिहिलेलं बरं.

गोठा म्हणजे जनावरं बांधायची सगळी जागा, गव्हाण त्यातला एक भाग. भिंतीलगत लाकडाची, दगडाची किंवा मातीची लांबट कुंडी, गुराचं तोंड सहज पोहोचेल इतक्या उंचीवर. वैरण नुसती जमिनीवर टाकली की खुरांखाली तुडवली जाते, शेण-मुतात भिजते आणि मग जनावर तिला तोंड लावत नाही. म्हणून गव्हाण.

आता बायबलातला मूळ मजकूर पाहा. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, दुसऱ्या अध्यायात, गोठ्यासाठी शब्दच नाही. गव्हाणीसाठीचा ग्रीक शब्द 'फात्ने' मात्र 7, 12 आणि 16 या ओव्यांत तीनदा येतो. बाराव्या ओवीत तर देवदूत मेंढपाळांना खूणच सांगतो: बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत निजलेलं बाळ. बैल आणि गाढवही लूकमध्ये नाहीत. ते बायबलच्या जुन्या करारातल्या यशया या ग्रंथातून (1:3) देखाव्यात आले. बैल आपला धनी ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, माझे लोक मात्र ओळखत नाहीत, असं देव तिथे म्हणतो. त्याच्या जुन्या ग्रीक भाषांतरातही 'फात्ने' हाच शब्द आहे.

ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा या एका शब्दात आहे. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचं घर. तिथे, खाणं ठेवतात त्याच जागी, हे बाळ ठेवलं. हेच पुढे 'मी जीवनाची भाकर आहे' म्हणणार आणि मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, भाकरीच्या रूपात दिलं जाणार. शिवाय ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, असं प्रेषित पौल फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो. ते रितेपण इथे डोळ्यांनी दिसतं: ज्याने सगळ्यांना जागा दिली, त्याला उतारशाळेत जागा नाही.

म्हणूनच 'पाळणा' नको. रामनवमीला, गोकुळाष्टमीला आपण बाळाला पाळण्यात घालतो, त्या सवयीने इथेही झालर लावलेला पाळणा टांगला जातो. पाळणा बाळासाठीच केलेला असतो, गव्हाण जनावरांची. तो फरक गेला की देवदूताने सांगितलेली खूणच गेली. गाण्यातला पाळणा खुशाल म्हणा, ती आपली अंगाईची रीत आहे.

मांडताना कुंडीत साधं वाळलेलं गवत किंवा भाताचा पेंढा घाला. चकचकीत जरीचा कागद नको. दिव्यांच्या माळा पेंढ्यापासून लांब ठेवा, तो चटकन पेट घेतो. 24 डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी राहू द्या, बाळाची मूर्ती मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर ठेवायची. मागी लोक, म्हणजे बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, थोडे दूर ठेवून रोज जवळ सरकवतात, ते 6 जानेवारीला पोहोचतात. तेही लूकमध्ये नाहीत, मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेत.

पाटी दोन ओळींची करा. वर 'ख्रिस्तजन्माचा देखावा', खाली 'बाळ येशू गव्हाणीत'. संपूर्ण मांडणीला बोलताना गोठा म्हणायला हरकत नाही, इंग्रजीत ज्याला क्रिब म्हणतात त्या देखाव्यासाठी तो शब्द चालतोच. फक्त कुंडीला गोठा म्हणू नका.