पक्षी ओळखायला शिकायचंय, मोठा कॅमेरा घेऊन थेट मायणीला जाऊ का?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन वडूजला आलाय आणि चिमणी-कावळ्यापलीकडे पक्षी ओळखता येत नाहीत. मायणीच्या पाणपक्ष्यांच्या तलावावर जा की. हिवाळ्यात मायणी-येरळवाडीकडे रोहित (फ्लेमिंगो) उतरले तर डोळ्यांचं पारणं फिटतं. पण तेवढ्यानं ओळख होत नाही, फोटो होतात. कॅमेऱ्याचे पैसे तूर्त राहू द्या. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) साधी दुर्बीण आणि खिशात मावेल अशी वही पुरे.

मी टिटवीपासून सुरुवात केली, तीही नाइलाजानं. एप्रिलमध्ये आमच्या बांधालगतच्या खडकाळ तुकड्यात गेलं की एक जोडी डोक्यावर घिरट्या घालत नुसता कालवा करायची. आई म्हणायची, टिटवी ओरडली की अपशकुन. कारण पायाशीच निघालं: चार अंडी. घरटं म्हणावं असं काही नाही. खड्यांत खड्यांसारखीच मातकट, काळ्या ठिपक्यांची. नजर हटली की दोन पावलांवरूनही पुन्हा सापडेनात. मग लांब बाभळीखाली बसून बघायला लागलो. भर दुपारी जोडीतली एक पाटात पोट भिजवून यायची आणि ओली पिसं अंड्यांना टेकवून बसायची. चोचीजवळचा लाल मांसल भाग, पिवळे पाय, सगळं वहीत लिहिलं. म्हणूनच पुढे माळावर तो भाग पिवळा दिसला तेव्हा चटकन कळलं, ही माळटिटवी.

खटाव-माणच्या या माळाला सगळे 'पडीक' म्हणतात. धाविक, चंडोल, माळटिटवी, सगळ्यांचा संसार तिथं जमिनीवरच. एका पावसाळ्यात आम्हीही हौसेनं अशाच माळावर खड्डे काढून रोपं लावली. उन्हाळ्यात रोपं वाळली. खड्डे अजून आहेत, धाविक काही त्या तुकड्यात परत दिसले नाहीत. झाडं लावायचीच तर ओढ्याकाठी लावा.

अंडी दिसली तर थांबू नका. तुम्ही हलेपर्यंत पक्षी उन्हात ती उघडी टाकून ओरडत राहतो आणि कावळा तेच बघत असतो. जागा ग्रुपवर तर टाकूच नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं रानपाखरांची अंडी उचलणं गुन्हा आहे. (पिंजऱ्यातला पोपटही त्याच कायद्यात बसतो, हे आमच्या गल्लीत अजून कुणाला पटत नाही.)

५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, तेव्हा जाणकारांबरोबर फिरता येईल. तोवर घरासमोरच्या तारेवरचे कोतवाल आणि वेडा राघू बघा. दोघंही उडते किडे धरतात; कोण धरलेला किडा तारेवर आपटून मगच गिळतो, तेवढं वहीत लिहून ठेवा.