पोस्टरवर दाराची रुंदी लिहा

प्रश्न : आमच्या क्रीडा मंडळाने मागच्या वर्षी अपंग आणि इतर सगळ्यांनी मिळून खेळायचा मेळावा घेतला. जाहिरात भरपूर केली, पण अपंग खेळाडू चारच आले आणि तेही बक्षीस समारंभाआधीच निघून गेले. यंदा कोणते खेळ ठेवावेत आणि प्रसिद्धी कशी करावी? – एक कार्यवाह

उत्तर : पत्रासोबतचं पोस्टर पाहिलं. ‘जिद्दीला सलाम’ तीनदा आहे, रॅम्पचा पत्ता नाही. मी एकवीस वर्षं व्हीलचेअरवर आहे. असं पोस्टर दिसलं की मला पहिला प्रश्न पडतो तो संडासाचा. हसू नका. एका स्पर्धेला पंच म्हणून गेले होते. मैदान चकाचक, आणि स्वच्छतागृहाचं दार माझ्या खुर्चीपेक्षा बोटभर अरुंद. दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही, दुपारी डोकं धरून घरी आले. तुमचे चौघे का निघाले असतील, त्यांना एकदा विचाराच.

आधी मोजपट्टी घेऊन जागेवर जा. दार 90 सेंटिमीटर हवं, रॅम्प एक फूट उंचीला निदान बारा फूट लांब. जे मिळेल ते पोस्टरवर छापा. सांकेतिक भाषेचे दुभाषी नसतील तर ‘नाहीत’ असं लिहा. येणाऱ्याला तयारीने येता येतं. मोबाइलवर नुसतं चित्र पाठवू नका, खाली तोच मजकूर टाइप करा. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांना मोबाइलवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, वाचेलच असं नाही. आणि हे सगळं ठरवणाऱ्या बैठकीत दोन-तीन अपंग खेळाडू असू द्या, सत्कारापुरते नव्हे.

खेळ थोडेच ठेवा. बोचियात सहा लाल, सहा निळे चेंडू आणि एक पांढरा. आपला चेंडू पांढऱ्याच्या जवळ न्यायचा. हाताने टाकणं जमत नसेल तर उतरत्या पन्हळीवरून सोडतात. बैठ्या व्हॉलीबॉलमध्ये सगळेच जमिनीवर, आणि तिथे चालणाऱ्यांचीच जास्त तारांबळ उडते. ती बघायला मला फार आवडतं, हे कबूल करते.

गोलबॉल मात्र घ्याच. युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी 1946 मध्ये निघालेला हा खेळ. दोन्हीकडे तिघे-तिघे, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, त्यामुळे डोळस माणूसही बिनधास्त उतरू शकतो. सव्वा किलोच्या चेंडूत घुंगरं असतात; त्यांच्या आवाजावरून अंदाज घेऊन, आडवं पडून चेंडू अडवायचा. रेषा आखताना सुतळी ताणून त्यावर चिकटपट्टी दाबायची, म्हणजे बोटांना उंचवटा लागतो आणि आपण कुठे आहोत ते कळतं. खेळ चालू असताना प्रेक्षकांनी चिडीचूप राहायचं. टाळ्या गोल झाल्यावर. निवेदक हौशी असेल तर तेवढ्यापुरता त्याचा माइक काढून घ्या. आमच्याकडे तो ‘शाब्बास, शाब्बास’ करत राहिला, चेंडू बचाव करणाऱ्या पोराच्या पायाशेजारून गोलात गेला आणि ते बिचारं भलतीकडेच आडवं पडलं होतं.