सीक्विन, शिक्का आणि पुतळी

प्रश्न असा: कपड्यांवरच्या चमचमत्या टिकल्यांना ‘सीक्विन’ म्हणतात. या शब्दाचं आपल्या ‘शिक्का’शी नातं आहे की नुसतं ध्वनिसाम्य?

नातं आहे, आणि सख्खं आहे. अरबीत ‘सिक्का’ म्हणजे नाणं पाडायचा ठसा. इटलीत त्याचं ‘त्सेक्का’ झालं आणि अर्थ ठशावरून टांकसाळीवर गेला. व्हेनिसच्या टांकसाळीतलं सोन्याचं नाणं ते ‘त्सेक्कीनो’. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं ते सीक्विन. ऑटोमन मुलखात बायका अशी नाणी शिरोवस्त्रावर शिवत. पुढे नाण्यांच्या जागी चकत्या आल्या, नाव मात्र टिकलं.

हिंदीत ‘सिक्का’ म्हणजे नाणं. मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे मराठी. आपला शिक्का अजूनही उमटवायचाच असतो! ‘शिक्कामोर्तब’मध्येही पत्राच्या माथ्यावरचा शिक्का आणि शेवटची मोर्तब असे दोन ठसे आहेत.

हे त्सेक्कीनो नाणं व्हेनिसने १२८४ साली पाडायला घेतलं तेव्हा त्याला डुकॅट म्हणत. पुढे डुकॅट हे हिशेबाचं एकक झालं आणि प्रत्यक्ष सोन्याचं नाणं वेगळं ओळखण्यासाठी १६व्या शतकात ‘त्सेक्कीनो’ रूढ झालं. नाण्यावरच्या लॅटिन मजकुराचा शेवट ‘डुकॅटस’ने, म्हणजे ‘ड्यूकच्या राज्या’ने होतो, त्यावरून डुकॅट हे नाव पडलं असं सर्रास सांगतात. ते पटत नाही, कारण सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याचा चांदीचा डुकॅट ११४०चा आहे. ‘ड्यूकच्या राज्याचं नाणं’ हा अर्थ मात्र बरोबर.

वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध; तोळ्याला साधारण सव्वातीन नाणी बसतात. व्यापारातून हे नाणं आपल्याकडे आलं आणि त्यावरच्या माणसांच्या आकृत्यांमुळे ‘पुतळी’ झालं. पुतळ्यांची माळ ती हीच. हल्लीच्या पुतळीवर लक्ष्मी असते. मूळ नाण्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकून ध्वज घेणारा डोज, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, आणि मागच्या बाजूला लंबवर्तुळात येशू. या नाण्याच्या नकला इथेही खूप पाडल्या गेल्या. जुनी माळ हाताशी असेल तर भिंगातून ध्वजाची काठी पाहा. अस्सल नाण्यावर काठीलगत वरून खाली डी, व्ही, एक्स ही तीन अक्षरं सुटी वाचता येतात. लॅटिनमध्ये व्ही हाच यू, म्हणून ‘डक्स’, म्हणजे डोज. नकलांमध्ये बहुधा अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि ठिपके सापडतात, कारण ठसा खोदणाऱ्याला ती लिपी येत नव्हती.