स्पेस इन्व्हेडर्स या जुन्या व्हिडिओ गेममध्ये शत्रू कमी उरले की त्यांचा वेग का वाढतो? हे मुद्दाम केलंय का?

नाही, मुळात ती हार्डवेअरची मर्यादा होती. हा खेळ बनवणारे तोमोहिरो निशिकादो यांनी तो परिणाम खेळाला पोषक ठरतोय हे ओळखून तसाच ठेवला. १९७८ च्या तैतो कंपनीच्या त्या मशीनमध्ये इंटेल ८०८० प्रोसेसर होता आणि सगळी फौज एका दमात हलवणं त्याला झेपत नव्हतं. म्हणून प्रत्येक फ्रेमला (पडद्यावर दिसणाऱ्या एकेका चित्राला) एकच शत्रू पुसून नव्या जागी काढला जातो. सुरुवातीला ११ च्या ५ रांगा, म्हणजे ५५ शत्रू. सेकंदाला साधारण ६० फ्रेम धरल्या तर अख्ख्या फौजेचं एक पाऊल पडायला जवळपास एक सेकंद लागतो. दहाच उरले की तेच पाऊल सेकंदाच्या सहाव्या भागात पडतं. एमुलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहा, रांगेतून लाट गेल्यासारखे ते एकामागून एक सरकताना दिसतात.

मात्र सगळंच आपोआप घडलेलं नाही. शत्रू घटतील तसा तो चार सुरांचा ‘धुम धुम’ ठेका जलद होतो, त्यासाठी कोडमध्ये वेगळा तक्ता आहे. शेवटचा एकटा शत्रू डावीकडे २ पिक्सेलच सरकतो, पण उजवीकडे जाताना ३, हेही मुद्दाम लिहिलेलं आहे (नेम चुकतो तो बहुतेक इथेच!). पुढे जास्त ताकदीच्या मशीनवर हा खेळ नेताना वेगवाढ मात्र हाताने घालावी लागली.