वजन उतरलं की पोरं चिडवायची थांबतील का मॅडम?

"पोरगं शाळेला जायना झालंय मॅडम, डॉक्टर म्हणतेत पोटात काही नाही, आणि रोज सकाळी पोट धरून झोपून राहतंय." सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेल कारखान्यात काम करणारे एक वडील आठवीतल्या मुलाला घेऊन आले होते, त्याला आपण ओंकार म्हणू, नाव आणि काही तपशील बदललेत. आणि मग तोच प्रश्न जो माझ्याकडं येणारे बरेच पालक विचारतात, ह्याचं वजन उतरलं की पोरं गप बसतील ना, जिमच लावून टाकू का?

ओंकारशी एकट्याशी बोलले तेव्हा कळलं की पोट दुखायचं ते रिक्षाचा हॉर्न वाजला की. शाळेच्या रिक्षात तो चढला की रोज "टँकर आला, टँकर आला", आपल्या गावात पाण्याचे हाल काय आहेत माहितीच आहे, पोरांना नाव लगेच सुचलं असणार. वर रिक्षावाले काका पण हसत म्हणायचे तू पुढं बस बाबा, मागं रिक्षा उलार व्हायलीय. मोठा माणूस हसला की पोरांना रान मोकळं. शाळेत पीटीचे सर सगळ्यांसमोर "पोट आत घे" म्हणायचे. मधल्या सुट्टीत डबा उघडला की चारजण वाकून चपात्या मोजणार, म्हणून त्यानं डबा खाणंच सोडलं. मग संध्याकाळी घरी आला की आई पाणी भरायला खाली गेलेली बघून कट्ट्यापाशी उभ्या उभ्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, भराभरा, पाणीसुद्धा न पिता.

आता सांगा, ह्यानं वजन उतरणार का? चिडवलं की मूल सुधारतं हा समजच उलटा आहे, संशोधनातही हेच दिसलंय की वजनावरून टोमणे खाणाऱ्या मुलांचं वजन पुढं जास्तच वाढायची शक्यता असते. मूल लाजेनं उपाशी राहतं मग एकदम खातं, आणि मैदान तर टाळतंच.

म्हणून वडिलांना म्हटलं, वजन आणि चिडवणं ह्या दोन वेगळ्या फायली ठेवा. वजनासाठी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, थायरॉइड वगैरे असेल तर ते बघतील, वाढत्या वयात मनानं डाएट करायला लावू नका. चिडवणं मात्र तो आहे तसा असतानाच थांबलं पाहिजे.

सुरुवात घरापासून केली. आजी लाडानं "आमचं भोपळं" म्हणायची, आत्या आली की नजर ताटावर. ते बंद, आणि ताट सगळ्यांना सारखं. आजीला पटायला वेळ लागला, मायेनं म्हणते की मी, असं तिचं म्हणणं, पण ओंकार स्वतः तिला म्हणाला मला नाही आवडत, तेव्हा ती गप्प झाली.

शाळेसाठी वही केली, तारीख, कोण, कुठं, काय बोललं. "पोरं त्रास देतेत" एवढंच सांगितलं की शाळा बघतो म्हणते आणि राहून जातं, वही आणि लेखी अर्ज घेऊन मुख्याध्यापकांकडं गेलं की ऐकून घ्यावं लागतं. पीटीच्या सरांचंही त्यात लिहिलं, शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 मध्ये मुलाला मारायला जशी बंदी आहे तशी मानसिक छळालाही आहे, आणि आठवीपर्यंतचं मूल त्यात येतं. रिक्षावाल्या काकांशी वडील शांतपणे बोलले, काका ओशाळले आणि दुसऱ्या दिवसापासून तेच पोरांना दटावायला लागले.

आणि ओंकारला ना "लक्ष देऊ नको" सांगितलं ना "तू बी दोन ठेवून दे". एकच वाक्य पक्कं केलं, "मला ओंकार म्हण", नजर वर ठेवून, साध्या आवाजात, आणि तिथनं सरळ मित्राकडं. पहिल्यांदा म्हणताना त्याचा आवाज चिरकला, मग जमलं.

आता तो शाळेत जातोय, डबा संपवून आणतोय. वर्गातली दोन पोरं अजून बोलतात, वही चालू आहे.

तुमचं मूल मुद्दाम उलटी काढत असेल, दिवस दिवस जेवत नसेल किंवा "मी नसलेलं बरं" असं बोलत असेल तर मात्र वही-अर्जाची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडं न्या. टेलिमानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिच्या 14416 ला कधीही फोन करता येतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, आणि मूल स्वतः 1098 ह्या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावू शकतं, तो नंबर त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.